वरून रिकामं दिसणारं रान

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत, आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "भाभीजी, आप क्या करती हैं?" मी सांगते, "शेतं बघते." मग समोरची बाई माझ्या इस्त्रीच्या साडीकडे बघते, खाली लावलेल्या स्कूटरकडे बघते आणि विषय बदलते. माझं उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं. मी शेतं बघते ती आकाशातून, आणि तीही शहरातल्या झालाना भागातल्या एका कार्यालयात पंख्याखाली बसून.

उपग्रहाने काढलेली चित्रं आमच्याकडे येतात. एक पावसाळ्यातलं, एक हिवाळ्यातलं. त्यावरून पीक कुठे, पाणी कुठे, झाडी कुठे आणि पडीक जमीन कुठे ते ठरवायचं, नकाशात रंग भरायचे आणि मग जीपने त्या जागी जाऊन आपण ठरवलेलं खरं आहे का ते पाहून यायचं, एवढंच काम. गंमत अशी, की या चित्रांत हिरवं पीक लाल दिसतं. पाणी काळं, मोकळी जमीन निळसर करडी. माझ्या मुलीने पहिलीत असताना शेताचं चित्र लालभडक रंगवलं होतं. बाईंनी विचारलं, तर म्हणाली, "मम्मी के ऑफिस में ऐसा ही होता है." बाईंनी मला भेटायला बोलावलं होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. आप्पा, म्हणजे माझे वडील, सही करतात, पण ती चित्र काढल्यासारखी. त्यांनी मला रानात फार येऊ दिलं नाही. पेरणीच्या दिवसांत भावंडं बैलामागे असायची आणि मी ओसरीवर पुस्तक घेऊन. "हिला नगा हाक मारू, हिची परीक्षा हाय," असं ते परीक्षा नसतानाही सांगायचे. त्यांच्यामुळे मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल घेऊन शिकले, एम.ए. झाले. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या गावाचा जमीनवापराचा नकाशा करायचा होता. मी श्रावणात गावभर फिरून तो केला आणि कॉलेजात पहिली आले. आप्पांनी तो नकाशा काच लावून ओसरीवर टांगला. आलेल्या प्रत्येकाला ते बोट लावून दाखवायचे, "हे आपलं रान. पोरीनं काढलंय."

पुढे लग्न झालं, मालक रेल्वेत, त्यांची बदली जयपूरला झाली. झालान्याच्या कार्यालयात तीन महिन्यांसाठी माणसं हवी होती. मी गेले. दर वर्षी करार वाढत गेला आणि त्या तीन महिन्यांना आता पंधरा वर्षं झाली.

सुरुवातीला जयपूरच्या भोवतालचं चित्र साधं होतं. पावसाळ्यात बाजरी, हिवाळ्यात गहू, जव, मोहरी. मग एका वर्षी चित्रात पांढरेशुभ्र चौकोन उगवू लागले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, लग्नाचे मंडप. मी म्हटलं, संगमरवराची गोदामं. चहाची पैज लावून आम्ही जागेवर गेलो आणि दोघंही हरलो. ती प्लास्टिकची घरं होती आणि आत छतापर्यंत चढलेले काकडीचे वेल. दारात लाल औषधाच्या पाण्याचं तबक. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. शेतकरी तरुण होता, त्याचे वडील बाहेर खाटेवर बसलेले. ते आम्हाला म्हणाले, "जन्मभर या मातीत अनवाणी राबलो. आता माझ्या पायांनी काकडीला ताप येईल म्हणून मुलगा मला आत घेत नाही." मुलगा आतून ओरडला, "बाबा, पाय धुवा आणि या की." म्हातारा म्हणाला, "लग्नातसुद्धा कुणी मला इतक्यांदा पाय धुवायला लावले नव्हते." निघताना त्यांनी आमच्या दोघांच्या हातात मावतील तितक्या काकड्या दिल्या.

त्या पांढऱ्या चौकोनांशेजारी पुढे काळे चौकोन दिसू लागले. प्लास्टिक अंथरलेली शेततळी, छपरावरचं पावसाचं पाणी धरून ठेवणारी. शेती बदलते ती आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी दिसते. याचा मला अभिमान होता. खरं म्हणजे जरा जास्तच होता, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यातूनच घडलं.

जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रस्त्यावरून आत गेलं की एक गाव आहे. नाव देत नाही. तिथली जमीन वाळूची नाही, काळसर आणि जड आहे. विहिरींचं पाणी खारं. आमच्या नकाशावरून त्या वर्षी वरच्या कार्यालयात एक यादी होणार होती, की कुठल्या पडीक जमिनीवर विजेसाठी सौरपट्ट्या बसवता येतील. आमचा नियम असा होता, की दोन्ही ऋतूंच्या चित्रांत पीक दिसलं नाही तर ती जमीन पडीक. त्या गावचं निम्मं शिवार पावसाळ्याच्या चित्रात रिकामं होतं आणि आधीच्या हिवाळ्याच्या चित्रातही रिकामं. मी पडीकचा रंग भरला. त्या बाजूच्या सगळ्या गावांना भरला, कारण सगळीकडे तसंच दिसत होतं. नकाशाच्या एका शीटवर जितकी गावं मावतात तितकी सगळी.

कच्चा नकाशा पंचायतींकडे गेला. महिन्याभराने एकाच गावातून पत्र आलं. आमची रानं पिकती आहेत, येऊन बघा. खाली अंगठ्यांची रांग, आणि सगळ्यांत वरचा अंगठा कजोडी नावाच्या बाईचा.

आमचे साहेब माथुरजी पत्र वाचून म्हणाले, "आपली जमीन बंजर आहे असं आजवर कुणी कबूल केलेलं मी पाहिलं नाही. बघून या. सोमवारी शीट वर जायची आहे."

भाद्रपद संपत आला होता. जीप चालवणारे गिर्राज भैया आमच्या कार्यालयातले सगळ्यांत जुने. वाटेत मी त्यांना चित्राची छापील प्रत दाखवली. म्हटलं, बघा, एक ठिपका लाल नाही. ते प्रतीकडे न बघता म्हणाले, "मैडमजी, वरून बघितलं तर सगळेच टकले दिसतात."

गावाबाहेर बांधावर एक बाई कुदळ घेऊन उभी होती, तीच कजोडी. साठीची, चेहऱ्यावर लुगडीचा, म्हणजे तिथल्या ओढणीचा, पदर ओढलेला, पण नजर सरळ. "नकसा वाली मैडम थे ही छो?" हो, नकाशावाली मीच, असं मी म्हटलं. तिने हाताने समोर दाखवलं. शेत संपूर्ण रिकामं होतं. एक काडीसुद्धा नाही. वाटेत लागलेल्या वाळूच्या गावांत बाजरी पुरुषभर वाढली होती आणि इथे नुसती सपाट माती.

मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, "काकी, यात काहीच नाही."

ती म्हणाली, "खेत सूतो छै, मर्यो कोनी."

गिर्राज भैयांना वाटलं मला समजलं नाही. ते म्हणाले, "शेत झोपलंय म्हणते, मेलेलं नाही."

समजलं मला होतं, पटलं नव्हतं. मी पाहणीच्या तक्त्यात जागेची नोंद करत होते. कजोडी काकी माझ्या पेनाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू लिहिणार आणि ते विजेचे पत्रे लावणार. मग आम्ही कागद घेऊन कचेऱ्या फिरायच्या, की हे रान आमचं पिकत होतं. माझी सून म्हणते, काकडीची घरं बांधू. बांध म्हणलं. पण खाऱ्या पाण्यावर काकडी येते का? या मातीला आभाळाचंच पाणी चालतं."

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. ते रोज दुपारी जेवण झालं की करतात. कुठे आहेस, विचारलं. मी सांगितलं, रानात आहे, आणि इथली बाई रिकाम्या रानाला पिकतं रान म्हणतेय.

"माती कसली हाय?" आप्पांनी विचारलं.

"काळी. जड. मतलब, आपल्यासारखीच."

"तण हाय का त्यात?"

मी पाहिलं. तण नव्हतं. पडीक जमिनीत तण नसतं असं कधी होत नाही, हे मला शिकवलेलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं.

"फळी फिरवल्याली दिसती का वरनं?"

दिसत होती. लाकडी पाटा ओढून माती दाबून सारखी केलेली, पाट्याच्या रेघा स्पष्ट.

मी तसं आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आगं, आपण काय करतो मग? शाळूचं रान पावसाळ्यात कवा पेरलंय व्हय आपण? हस्तापतुर मोकळंच असतंय की. माती मुठीत धरलीस का तू?"

माझ्या हातात पेन, पाठीवर पिशवी, गळ्यात जागेचे अंश-मिनिटं सांगणारं यंत्र. माती मी धरली नव्हती. कजोडी काकींना फोनवरचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण त्यांनी कुदळ उचलली आणि पायापाशी दोन घाव घातले. वरची चार बोटं माती कोरडी होती. त्याखालची काळी, थंड, ओली. त्यांनी मूठभर घेतली, दाबली, लाडू केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो फुटला नाही.

वाचकांना दोन शब्दांत सांगते. विहिरीला पाणी नाही किंवा खारं आहे, अशा जड जमिनीचा शेतकरी पावसाळ्यात पेरत नाही. तो पाऊस पेरतो. दर सरीनंतर, चिखल सुकून वापसा आला की कुळवाची पाळी घालून तण काढायचं, वरची माती भुसभुशीत करून दाबायची, म्हणजे ओल वर येऊन उडून जात नाही. मग थंडीच्या तोंडावर त्या मुरवलेल्या ओलीवर हरभरा किंवा मोहरी पेरायची. आमच्याकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. नंतर एक थेंबही लागत नाही. वरून बघणाऱ्याला हे चार महिने काहीच दिसत नाही, कारण सगळं काम वीतभर खाली चाललेलं असतं.

आणि आधीचा हिवाळा? त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, ओलच नव्हती, म्हणून कुणी पेरलं नव्हतं. काकींनी हे मी न विचारता सांगितलं. मागची तीन-चार वर्षांची चित्रं उघडून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ती उघडली नव्हती. शीट वेळेत संपवायची होती.

"हाय का ओल?" आप्पा फोनवर विचारत होते.

"आहे, आप्पा."

"मग इचारतीस कशाला. त्या बाईला म्हणावं, पीक लई चांगलं येतंय औंदा."

मी निरोप सांगितला. काकींनी विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, माझे वडील, शेतकरी आहेत. काकींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "शेतकऱ्याची मुलगी," त्या गिर्राज भैयांना म्हणाल्या, "आणि ओलीला हात लावायला बापाला फोन करावा लागला." गिर्राज भैया इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. मीही हसले. पण कानशिलं गरम झाली होती.

कार्यालयात येऊन मी जुनी हिवाळ्याची चित्रं एकामागून एक उघडली. त्या गावाचं शिवार लालेलाल. शेजारच्या गावाचंही. त्याच्या शेजारच्याचंही. मी ज्या ज्या ठिकाणी पडीकचा रंग भरला होता, त्यातलं बहुतेक दर चांगल्या पावसाच्या वर्षी पिकत होतं. पत्र एका गावाने पाठवलं होतं. चूक पूर्ण शीटची होती.

माथुरजींनी सगळं शांतपणे पाहिलं. म्हणाले, "चिठ्ठी एक ही गाँव की आई है. एक गाव दुरुस्त करा, सोमवारी शीट पाठवू."

त्याच महिन्यात माझा करार वाढायचा होता आणि त्या कागदावर सही त्यांचीच होती. घरी मालकांची बदली पुन्हा होणार अशी कुजबुज होती. मी काही फार धाडसी बाई नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करायची नाही. पण माझ्या पिशवीत तो मातीचा लाडू होता, कागदात गुंडाळलेला, आणि तो अजून ओला होता. मी तो टेबलावर ठेवला.

म्हटलं, "सर, बाकीच्या गावांनी लिहिलं नाही, कारण त्यांना नकाशा वाचता आला नाही. माझ्या वडिलांनाही आला नसता."

माथुरजींनी लाडवाकडे पाहिलं, मग चहा संपवला. साहेब काही बोलण्याआधी चहा संपवतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग कोरा कागद ओढून म्हणाले, "वर मुदतवाढ मागावी लागेल. कारण काय लिहू? चूक तुमची लिहू की कार्यालयाची?"

"माझी."

त्यांनी लिहिलं आणि सहीआधी मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, कार्यालयाची.

पुढचे तीन आठवडे आम्ही सगळ्यांनी रविवारी येऊन शीट पुन्हा केली. चहाच्या पैजेवरच्या सहकाऱ्याने मला "बंजर मैडम" नाव ठेवलं होतं, ते आजही टिकून आहे. नकाशाच्या रंगसूचीत आम्ही एक नवा रंग घातला, फिकट तपकिरी. पुढे लिहिलं, ओलीसाठी राखलेलं शेत. यादीतून ती गावं निघाली. माझा करारही वाढला. पौषात नवं चित्र आलं तेव्हा माथुरजी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सगळी शिवारं लाल झाली होती. ते एवढंच म्हणाले, "सूतो छै कहती थी ना?"

फाल्गुनात कजोडी काकींचा निरोप आला. हरभऱ्याची ल्हास आहे, यायचं. ल्हास म्हणजे आपल्याकडची इर्जिक. एका घराच्या कापणीला अख्खं गाव येतं, मजुरी कुणी घेत नाही, पोटभर जेवण तेवढं घरच्याने द्यायचं. योगायोगाने आप्पा तेव्हा आमच्याकडे आले होते. आठवडाभरात त्यांनी किल्ले, महाल काहीही बघायला नकार दिला होता. "राजा नसलेला वाडा काय बघायचा," म्हणत होते. ल्हास म्हटल्यावर सकाळी सहाला टोपी घालून तयार.

काकींनी त्यांना बघितलं आणि काही न बोलता एक विळा पुढे केला. आप्पांनी धार अंगठ्यावर बघितली, मान हलवली आणि रांगेत बसले. मी त्यांच्या शेजारी. बायका गाणी म्हणत होत्या, एका ओळीला सगळ्या हसत होत्या आणि ती ओळ कशाबद्दल आहे ते गिर्राज भैया मला सांगायला तयार नव्हते. आप्पांना भाषा येत नव्हती, काकींना मराठी येत नव्हती. पण मधेच आप्पांनी एक घाटा फोडून दाणा दाताखाली धरला आणि बोटांनी विचारलं, किती दिवसांचा? काकींनीही बोटांनीच सांगितलं. दोघांचं असं बराच वेळ चाललं होतं. माझी काही गरज नव्हती.

दुपारी खेजडीच्या, म्हणजे शमीच्या, सावलीत पंगत बसली. पानात लापसी आणि वर तुपाची धार. जेवता जेवता मी आप्पांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. शीटची, साहेबांची, माझ्या चुकीची. फोनवर सगळं सांगितलं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "म्हंजी दुसऱ्यांदा केलीस म्हण की."

मला कळेना.

"ओसरीवरच्या नकाशात आपलं रान पिवळं हाय का न्हाय?"

"आहे."

"पिवळं म्हंजी पडीक. खाली लिवलंय. तुझ्या मामानं वाचून दावलं हुतं."

माझा घास हातातच राहिला. श्रावणात केलेला नकाशा. मी स्वतः आमच्या बांधावर उभी राहून, आमच्याच शाळूच्या रानाला पिवळा रंग भरला होता. तेव्हाही माती हातात घेतली नव्हती. आणि तो नकाशा काच लावून पंधरा-वीस वर्षं भिंतीवर होता, आणि आप्पा त्यावर बोट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, हे आपलं रान.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू पैली आली हुतीस," ते म्हणाले. "सांगून तुझा नंबर घालवू व्हय? आणि रानाला कुटं वाचता येतंय. त्यानं त्या साली बी शाळू दिलाच की."

काकींनी विचारलं, काय म्हणतात? मी हिंदीत सांगितलं. त्या लुगडीत तोंड लपवून हसल्या आणि आप्पांच्या पानात, ते नको नको म्हणत असताना, आणखी डावभर लापसी वाढली.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. पहिल्याच दुपारी मी नकाशा भिंतीवरून उतरवला, काच काढली. जयपूरहून मी फिकट तपकिरी रंगाची पेन्सिल बरोबर घेऊन गेले होते. पिवळं खोडून, आमच्या रानाच्या तुकड्यात नवा रंग भरायला लागले. खाली रंगसूचीत तेच शब्द मराठीत लिहिले. आप्पा गुडघ्यावर हात टेकून माझ्या खांद्यावरून बघत होते. नकाशा त्यांना अजूनही वाचता येत नाही, पण माझा हात जरा पूर्वेकडे सरकला, तसं त्यांनी लगेच बोट आडवं घातलं.

"हळू. बांधाच्या भायेर रंग जाऊ देऊ नगंस. फुडचं रान शेजाऱ्याचं हाय."